शाळेचं डिसेंबरचं सर्क्युलर: स्वेटर, आनंदमेळा आणि बाकी सगळं

निंबोणी | २ डिसेंबर, रात्री ११:१०

मंडळी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर येते न येते तोच काल लेकीच्या दप्तरातून दुसऱ्या सत्राचं सर्क्युलर निघालं. लेक चौथीत, शाळा गोरेगावात, खासगी, आयसीएसई. सर्क्युलर दोन पानी, पाठपोट. नवरा म्हणाला, आपल्या लग्नाची यादी याच्यापेक्षा छोटी होती.

१ तारखेपासून विंटर युनिफॉर्म, म्हणजे नेव्ही ब्लू स्वेटर सक्तीचा. (हे मी पंखा चारवर ठेवून वाचलं.) १४ला स्पोर्ट्स डे, मुलांनी सव्वासहाला हजर. १७ला आजी-आजोबांचा दिवस. २०ला विंटर कार्निव्हल, त्यात प्रत्येक इयत्तेच्या पालकांनी एकेक स्टॉल लावायचा. मग नाताळची सुट्टी, जानेवारीत फॅमिली नेचर वॉक, आणखी एक फॅमिली आउटिंग, विज्ञान प्रदर्शन, वार्षिक दिन. आम्ही दोघं नोकरी करतो. मी रोज गोरेगाव ते चर्चगेट.

आता मूळ दुखणं. पालकांच्या ग्रुपवर 'चौथीच्या स्टॉलसाठी पुढाकार कोण घेणार?' असा मेसेज आला. मी ट्रेनमध्ये उभी, एका हाताने लोंबकळत, त्यावर चुकून अंगठा उमटवला. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे नकार असतो हो, पण ग्रुपवर तो होकार धरला गेला. आता स्टॉल माझ्या गळ्यात. अट अशी की शेगडी नको, सुरी नको, प्लास्टिक नको. सुचवा काहीतरी.

दुसरं, सासरे (आम्ही त्यांना आबा म्हणतो) १७ला यायला तयार नाहीत. फॉर्मवर लिहिलंय की आजी-आजोबांनी आपल्या लहानपणाबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोलावं. आबा म्हणाले, "माका इंग्रजी खंय येता?" आणि पेपर उघडून बसले. विषय संपला.

तिसरं, नेचर वॉक कुठे न्यावा ते पालकांनीच सुचवायचं आहे.

खारघरची_खार | २ डिसेंबर, रात्री ११:३२

अंगठा 😂 वाचनखूण साठवली.

स्वेटरबद्दल अगदी अगदी. आमच्याकडे ब्लेझर आहे. ब्लेझर! खारघरला तरी सकाळी जरा गारवा असतो, पण माझा मुलगा ब्लेझर घालून जातो आणि त्याचंच गाठोडं करून घेऊन येतो. त्यात डबा गुंडाळलेला असतो.

निवृत्त_बाई | ३ डिसेंबर, सकाळी ६:०५

निंबोणी, मी दादरच्या एका शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे अशी सर्क्युलरं दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. लिहिलीसुद्धा आहेत, कबूल करते.

स्वेटरचं म्हणाल तर सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं, तेही २२ जानेवारी १९६२ला. तेव्हा मी स्वतः शाळेत जात होते आणि आईने मला वडिलांचा मफलर गुंडाळला होता. तेवढी थंडी पुन्हा पडली की स्वेटर सक्तीचा करावा. तोवर वर्गशिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी द्या की मुलीला घामोळं येतं. बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं.

आजोबांसाठीही चिठ्ठीच लिहा. परवानगी मागू नका, कळवा. "मुलीचे आजोबा मराठीत बोलतील", बस्स. मराठी हा विषय २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचा आहे. चौथीतली मुलं मराठीचा पेपर लिहितात, मग आजोबांचं मराठी त्यांना कळेलच. आणि हो, त्यांना 'भाषण' म्हणू नका. भाषण म्हटलं की म्हातारी माणसं बिथरतात. एखादी जुनी वस्तू घेऊन चला म्हणावं. हातात वस्तू असली की माणूस आपोआप बोलतो.

गिरगावची_सून | ३ डिसेंबर, सकाळी १०:४०

स्टॉल मी सांगते. शेगडी नाही म्हणजे वडापाव, पावभाजी, डोसा सगळं बाद. बाकीच्या इयत्ता काय करणार? भेळ, सँडविच, कपकेक, पुन्हा भेळ. तुम्ही शाळेबाहेरची गाडी लावा.

आठवतेय ना? टोपलीत बोरं, आवळे, चिंच, पेरूच्या फोडी, करमळं आणि बाजूला तिखटमिठाचा डबा. डिसेंबर हा नेमका त्याच फळांचा महिना आहे. आत्ताच्या मुलांना हे फाटकाबाहेर मिळत नाही, कारण फाटकाबाहेर आता फक्त बस उभ्या असतात. मुलांपेक्षा त्यांचे आईबापच तुटून पडतील, लिहून ठेवा.

अनुभवाचे बोल: पेरू घरूनच चिरून न्यावे लागतील. चिरल्यावर मीठ आणि लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढा म्हणजे काळे पडत नाहीत. फार पिकलेले घेऊ नका, कडक हवेत. बोरं दोन प्रकारची घ्या, मोठी अ‍ॅपल बोरं दिसायला आणि छोटी आंबटगोड चवीला. आवळ्याला ठेचून मीठ लावून आदल्या दिवशी ठेवा. वर्तमानपत्राच्या पुड्या नकोत, शाईचं लफडं होतं. कोऱ्या कागदाचे शंकू लेकीकडून आणि तिच्या मैत्रिणींकडून करून घ्या, त्यांचाही एक रविवार जाईल. माल पहाटे दादरच्या बाजारातून. सातनंतर गेलात तर भाव आणि गर्दी दोन्ही चढतात.

चिंचेचे चोयटे मात्र लहान मुलांना देऊ नका. त्यांचे कपडे आणि तुमची अब्रू दोन्ही जाईल.

हार्बर_लाईन | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

नेचर वॉकबद्दल. सगळे तुम्हाला शिवडी सांगतील, मीही सांगतो, पण नीट सांगतो.

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित किंवा अग्निपंख, थंडीत येतात ते खाडीच्या चिखलासाठी. त्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊनच त्यांना तो गुलाबी रंग येतो. डिसेंबरात थवे नक्की दिसतीलच असं सांगवत नाही, जानेवारीचा शेवट ते मार्च हा भरवशाचा काळ. मुख्य गोष्ट भरती-ओहोटी. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी लांब चिखलात पसरलेले असतात आणि मुलांना दिसतो तो गुलाबी ठिपका. भरती चढताना पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, ती वेळ गाठा. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नका. शाळा नेमकं उलट करते, आधी तारीख आणि मग पक्षी. शिवडी स्टेशनवरून जेट्टीपर्यंतचा रस्ता ट्रकचा आहे, साठ मुलं चालत नेण्यासारखा नाही. आता तिथूनच अटल सेतू सुरू होतो, त्यामुळे मुलं पक्ष्यांपेक्षा पुलाकडेच बघतात हा वेगळा भाग.

दुसरा पर्याय ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र. तिथून बोट निघते, तीही भरती पाहूनच. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण तुम्ही गोरेगावात, तिथून ऐरोली म्हणजे बसमध्ये उलट्या होणार.

खरं तर तुमच्या दारात फिल्म सिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निसर्ग केंद्र आहे. १८८३ सालची संस्था, माणसं जाणती, मुलांना हाताळायची सवय असलेली. नाहीतर माहीम-धारावीचं निसर्ग उद्यान. ती जागा एकेकाळी शहराचं डम्पिंग ग्राउंड होती. आज तिथे दाट झाडी आहे. आपण टाकलेल्या कचऱ्यावर आपण उभे आहोत, हे मुलांना तिथे सांगता येतं. माझ्या मुलीला फ्लेमिंगोपेक्षा ते जास्त लक्षात राहिलं. घरी आल्यावर दोन दिवस ती विचारत होती, "इथे खाली काय आहे?"

स्पष्टवक्ता_४२० | ३ डिसेंबर, दुपारी ३:००

आयसीएसईत घालायचं आणि मग स्वेटरपासून सगळ्याची रड गायची. झेपत नसेल तर महापालिकेच्या शाळेत घाला की. हलके घ्या.

खारघरची_खार | ३ डिसेंबर, दुपारी ३:२०

स्पष्टवक्ते, मुंबई महापालिकेच्या सीबीएसई शाळांत प्रवेशाला सोडत काढावी लागते, एवढे अर्ज येतात. तुम्ही म्हणालात आणि घातलं, इतकं ते सोपं राहिलेलं नाही. तुम्हीही हलके घ्या.

श्वास_मोकळा | ३ डिसेंबर, रात्री ९:४५

सव्वासहाच्या स्पोर्ट्स डेबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

मुंबईत डिसेंबर-जानेवारीत हवा सर्वांत वाईट असते. पहाटे तर विचारूच नका. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे वर झाकण बसल्यासारखं होतं. समुद्रावरचे वारेही मंद. बांधकामाची धूळ आणि गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली साचतो. ऊन तापलं की झाकण उचललं जातं, म्हणून दुपारी हवा जरा बरी होते. आम्ही मात्र मुलांना नेमकं त्या साचलेल्या हवेत चारशे मीटर पळवतो, का, तर पाहुण्यांना ऊन लागू नये.

केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' नावाचं अ‍ॅप आहे, हवेचा निर्देशांक दाखवणारं. आकडा १०१ ते २०० म्हणजे मध्यम, २०१च्या वर खराब, ३०१च्या वर अतिखराब. शाळेला एवढंच विचारा की कुठल्या आकड्याला शर्यती पुढे ढकलणार. उत्तर तोंडी नको, लेखी हवं. मुलाला दम्याचा त्रास असेल तर पंप क्रीडाशिक्षकांच्या खिशात हवा. ऑफिसच्या कपाटात ठेवलेल्या पंपाचा उपयोग नाही. हे मी पाहिलंय, म्हणून सांगतोय. चावी कोणाकडे आहे ते शोधण्यात सात मिनिटं गेली होती.

माहीमचा_मासा | ३ डिसेंबर, रात्री १०:१०

+१. शिवाय चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी ९च्या आधी भरवू नये असा शासनाचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालाय. कारण काय होतं? मुलांची झोप. मग स्पोर्ट्स डेच्या दिवशी झोप लागत नाही का त्यांना? उत्तर ठरलेलं आहे म्हणा, 'हा उपक्रम आहे, शाळा नाही.'

चाळीतला_सीए | ४ डिसेंबर, रात्री १२:३५

निंबोणी ताई, एक शंका. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मोजल्या, दोन पानं पाठपोट भरायला त्या पुरत नाहीत. सर्क्युलरमध्ये आणखी काय आहे? सगळं टाकाल का? विचारायला कारण आहे.

निंबोणी | ४ डिसेंबर, सकाळी ८:५० (ट्रेनमधून, अंगठा सांभाळून)

सर्वांचे आभार! गिरगावची सून, तुमची गाडी पक्की. बाई, चिठ्ठी काल रात्रीच लिहिली.

सीए साहेब, उरलेलं असं: वाचनालयाची पुस्तकं परत करणे, नखं-केस, बसमधल्या मावशींचा बदललेला नंबर, ओळखपत्राची दोरी, कॅरोल सिंगिंगला पांढरा शर्ट. मग तेरावा मुद्दा "पीटीए ई. सी. मीटिंग, शनि. १३ डिसें., स. ११, अजेंडा: प्रपोज्ड फी". त्याखाली हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या ऑफिसातून घेऊन जाव्यात. झालं.

चाळीतला_सीए | ४ डिसेंबर, सकाळी ९:३०

हाच तो. मला वाटलंच होतं.

ताई, स्वेटर विसरा, स्टॉलही एक वेळ विसरा. अख्ख्या सर्क्युलरमध्ये तुमच्या खिशाशी खरा संबंध असलेली ओळ ही एकच आहे आणि ती कॅरोल आणि पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये बसवली आहे. मुद्दाम बसवली असं मी म्हणत नाही. पण जिथे बसवली तिथे कोणी वाचत नाही.

महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीसाठी २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ (पीटीए) असतो आणि मूल शाळेत आहे म्हणजे तुम्ही त्याच्या सभासद आहातच. त्या संघाची कार्यकारी समिती असते, तीच तुमच्या सर्क्युलरमधली ई. सी. अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक, एक शिक्षक. पालक निवडणुकीने येत नाहीत, सोडतीने येतात. निम्म्या जागा महिलांच्या. समितीची यादी नोटीस बोर्डावर लावणं शाळेला बंधनकारक आहे.

आता डिसेंबर का? पुढच्या वर्षाची फी किती मागायची आहे, तो प्रस्ताव व्यवस्थापनाने वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. जूनमध्ये शाळा सुरू होते, सहा महिने मागे मोजा. समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. म्हणजे ऐन नाताळ, कार्निव्हल आणि सुट्टीच्या धांदलीत. एकदा ठरलेली फी पुढची दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही, त्यामुळे या एका महिन्यात जे होईल ते तुम्हाला सहावीपर्यंत पुरेल. व्यवस्थापन आणि समितीचं जमलं नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. पण मुळात समितीतल्या पालकांनी कागद वाचलाच नाही आणि सही केली, तर जमलं नाही असं व्हायचा प्रश्नच येत नाही.

चौथीचा प्रतिनिधी कोण ते शोधा. त्याला सांगा, सभेच्या आधी प्रस्ताव आणि मागच्या वर्षाचा जमाखर्च हातात मागून घे.

अवांतर: मी हे पहिल्यांदा शिकलो ते स्वतः समितीत निवडला गेल्यावर. पहिल्या सभेला मी सामोसा खाऊन परत आलो होतो. सीए असून.

पार्ल्याचा_बाप | ४ डिसेंबर, सकाळी १०:१५

आमची शाळा एप्रिलला सुरू होते, त्यामुळे आमचा प्रस्ताव सप्टेंबरात गणपती-नवरात्राच्या मधे येतो. मूर्ती विसर्जन आणि फी विसर्जन एकदमच.

स्पष्टवक्ता_४२० | ४ डिसेंबर, सकाळी १०:४०

हे मात्र उपयोगाचं आहे. माझ्या मुलाच्या शाळेतला प्रतिनिधी कोण, खरंच माहीत नाही. आज बोर्ड बघतो.

निंबोणी | ५ डिसेंबर, रात्री १०:२०

बोर्ड पाहिला. चौथीचे प्रतिनिधी निघाले बस स्टॉपवर रोज माझ्या शेजारी उभे राहणारे बाबा! दीड वर्ष आम्ही 'आज बस लेट आहे' एवढंच बोलतोय. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हो, जुलैत चिठ्ठीत माझं नाव निघालं होतं, पण मला वाटलं ती स्टॉलची कमिटी आहे." म्हणजे स्टॉलची जबाबदारी खरं तर त्यांना आपली वाटत होती आणि फीची कोणालाच नाही. आम्ही अदलाबदल करायचा विचार केला होता, पण स्टॉल माझाच राहिला.

सीए साहेबांनी लिहिलेलं सगळं त्यांना पाठवलं. त्यांनी शाळेला मेल केली.

निंबोणी | १४ डिसेंबर, दुपारी ४:००

धागा वर काढतेय. दोन गोष्टी.

काल सभा झाली. बाबांना प्रस्ताव आदल्या संध्याकाळी मिळाला, जमाखर्च नाही. त्यांनी सभेत एवढंच म्हटलं की जमाखर्च पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. सहावीच्या आईने आणि नववीच्या एका वडिलांनी त्यांना दुजोरा दिला. मुख्याध्यापिका चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या की आजवर कोणी मागितलाच नव्हता. पुढची सभा सुट्टी लागायच्या आधी, जमाखर्चासकट. प्रस्तावात 'सीझनल अ‍ॅक्टिव्हिटीज' असं एक स्वतंत्र शीर्षक आहे. कार्निव्हलमध्ये पालक पदरच्या पैशाने स्टॉल लावतात, मग हे शीर्षक कशाचं, असं सहावीच्या आईने विचारलं. उत्तर पुढच्या सभेत.

आज स्पोर्ट्स डे. सकाळी आकडा १८० होता. श्वास_मोकळा, तुमचा प्रश्न मी लेखी पाठवला होता. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' शर्यती ठरल्या वेळीच झाल्या. पण दम्याच्या मुलांचे पंप पहिल्यांदाच मैदानावर एका डब्यात, नावांच्या चिठ्ठ्यांसकट होते. लेक लिंबू-चमचा शर्यतीत चौथी आली. लिंबू तिने बोटाने धरला होता, हे मी आणि देव दोघांनीच पाहिलं.

निंबोणी | १७ डिसेंबर, रात्री ११:५५

आजचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

बाईंनी सांगितलं तसं केलं. आबांना म्हटलं, भाषण नाही, फक्त काहीतरी जुनं दाखवायचंय. ते काही बोलले नाहीत. सकाळी बघते तर इस्त्रीचा सदरा घालून तयार आणि मांडीवर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. गिरणीतला धोटा, मागावर सूत नेतो तो. आमच्या लालबागच्या खोलीत तो देव्हाऱ्याच्या मागे असायचा, मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं पूजेचंच काहीतरी आहे.

वर्गात आधीच्या आजोबांनी इंग्रजीत आंब्याच्या झाडाची गोष्ट सांगितली, एका आजींनी भोंडल्याचं गाणं म्हटलं. मग आबा. उभे राहिले, धोटा वर धरला आणि अस्सल मालवणीत, "ह्याका धोटो म्हणतत." पुढे गप्प. मला घाम फुटला. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "ही बोट आहे का?" आणि आबा हसले. मग त्यांनी धोटा त्याच्या हातात दिला आणि साचेखातं (गिरणीतलं मागांचं खातं) सुरू झालं. धोटा कसा इकडून तिकडे धावतो, मधे सूत कसं सुटत जातं, साचा चालताना आवाज एवढा की माणसं ओठ बघून बोलायची. त्यांनी मुलांना ते करून दाखवलं. आवाज न काढता ओठांनी म्हणाले, "जेवलास?" आणि अख्ख्या वर्गाने ओळखलं. मग पंचवीस मुलं एकमेकांशी बिनआवाजाची बोलायला लागली. दोन मिनिटांची वीस झाली. वर्गशिक्षिकेने घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग पाळ्या. पहिली सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. तिसरी पाळी ऐकून मुलं थक्क. एकीने विचारलं, "तुमची मम्मी ओरडायची नाही?" भोंगा तोंडाने वाजवून दाखवा म्हणाली मुलं. वाजवला. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या.

एकाने विचारलं, आता ती मिल कुठे आहे? आबा म्हणाले, "परळाक. थंय आता तुमी पिझ्झो खातास." बायका हसल्या. आबा हसले नाहीत. १८ जानेवारी १९८२, संप सुरू झाला ती तारीख त्यांनी सांगितली, आणि अडीच लाख माणसं होती म्हणाले. "मगे?" एका मुलाने विचारलं, तोही मालवणी निघाला! आबा म्हणाले, मग काही नाही, मग मी भाजी विकली.

घरी येताना रिक्षात म्हणाले, पोरं हुशार आहेत, पण स्वेटर घालून बसली होती, पंखे चालू ठेवून.

निवृत्त_बाई | १८ डिसेंबर, सकाळी ५:५०

निंबोणी, माझे वडीलही तिसऱ्या पाळीचे. ओठांनी बोलायची सवय त्यांना शेवटपर्यंत होती. घरी आवाज नसला तरी ते अर्धी वाक्यं तशीच बोलायचे आणि आई उत्तर द्यायची. धोट्याची टोकं पितळेची असतील, पाहा.

निंबोणी | १८ डिसेंबर, सकाळी ८:४५

पितळेचीच आहेत. आबांनी आज सकाळी चिंचेने घासून लखलखीत केली. ती चिंच स्टॉलसाठी आणली होती.

निंबोणी | २१ डिसेंबर, सकाळी ११:३०

स्टॉलचा हिशोब, सीए साहेबांच्या धाकाने. माल १,७५० रुपयांचा, त्यात टॅक्सी धरली नाही. २० रुपयांची पुडी, १६० पुड्या, ३,२०० जमा. उरलेले १,४५० शाळेच्या मदतनिधीत. दीड तासात सगळं संपलं, उरली ती फक्त अ‍ॅपल बोरं. गिरगावची सून, दिसायलाच चांगली, तुम्ही म्हणालात तसंच. बस स्टॉपवाल्या बाबांनी तिखटमीठ सांभाळलं आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला मीटिंगची तारीख सांगितली.

पाचवीचा स्टॉल भेळेचा होता. सहावीचाही.

दुसरी सभा परवा झाली. 'सीझनल अ‍ॅक्टिव्हिटीज'मध्ये मंडप, ध्वनिव्यवस्था आणि फोटोग्राफर होते. फोटोग्राफर वगळला, वाढ मागितली होती त्यापेक्षा थोडी कमी झाली. फार नाही. बाबा म्हणतात कागद वाचल्याचे पैसे मिळाले. नेचर वॉक माहीमच्या निसर्ग उद्यानात ठरलाय, हार्बर_लाईन, तुमच्या मुलीचा प्रश्न मी ग्रुपवर टाकला आणि मतदान एकतर्फी झालं.

आता सुट्टी. आणि जानेवारीचं सर्क्युलर सुट्टीच्या आधीच हातात आलंय! फॅमिली आउटिंग नेहरू सायन्स सेंटर, वरळी. रविवार, १८ जानेवारी, सकाळी साडेआठला बस.

माहीमचा_मासा | २१ डिसेंबर, सकाळी ११:५०

१८ जानेवारी? ताई, जानेवारीचा तिसरा रविवार. मॅरेथॉन आहे. सी लिंक, वरळी, पेडर रोड, कुठेच बस हलणार नाही.

निंबोणी | २१ डिसेंबर, सकाळी ११:५२

अरे देवा. ग्रुपवर कळवते.

निंबोणी | २१ डिसेंबर, दुपारी १२:१५

कळवलं. उत्तर आलं, 'नवीन तारीख शोधायला पुढाकार कोण घेणार?' त्याखाली आत्तापर्यंत सतरा अंगठे आहेत आणि सगळे माझ्या नावापुढे.